‘इतर’ या रकान्यातलं पाणी

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

अमुक उद्योगानं पाण्याचं ऑडिट करून घेतलं आणि इतके टक्के बचत केली, अशा बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. बातमीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बातमीत जे कधीच नसतं त्याबद्दल. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कात्री लावायची तर लावा, पण आकडे कापू नका एवढी विनंती.

माझी नोकरी आधी कॉस्ट अकाउंटंट आणि पुढे अंतर्गत लेखापरीक्षक म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर पाण्याचं ऑडिट करणाऱ्या इंजिनिअर मंडळींबरोबर आकडे तपासायला जाऊ लागले. पाइप त्यांचे, वह्या माझ्या, अशी आमची वाटणी. त्यामुळे मी जे लिहिणार आहे ते हिशेब तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून आहे. कुणा इंजिनिअरला त्यात काही खटकलं तर त्यांनी अवश्य लिहावं.

पाण्याच्या ऑडिटचा गाभा एका ओळीचा आहे. आत आलेलं पाणी म्हणजे बाहेर गेलेलं पाणी अधिक टाक्यांमधल्या साठ्यात पडलेला फरक. बाहेर जाण्याचे रस्तेही मोजकेच असतात: मालात जातं, वाफ होऊन हवेत जातं, सांडपाण्यात जातं, नाहीतर जमिनीत जातं. अहवालात या सगळ्याचा एक तक्ता असतो. बॉयलर इतकं, कूलिंग टॉवर इतकं, धुलाई इतकी, कँटीन-स्वच्छतागृहं इतकी. आणि तळाशी एक रकाना, ‘इतर’. कधी त्याला ‘किरकोळ वापर’ म्हणतात, कधी ‘अंदाजित घट’. तक्त्याची बेरीज मुख्य मीटरशी जुळत नाही तेव्हा जो फरक उरतो तो तिथे नेऊन ठेवलेला असतो.

आमच्या हिशेबात याला सस्पेन्स खातं म्हणतात. ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळला नाही तर फरक तात्पुरता तिथे टाकायचा आणि शोधून काढून ते खातं शून्यावर आणायचं. पैशाच्या हिशेबात एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा सस्पेन्समध्ये ठेवून कुणी माझ्यासमोर कागद सरकवले असते तर मी सही केली नसती, आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणीही केली नसती. पाण्याच्या अहवालात मात्र तेवढा हिस्सा ‘इतर’मध्ये निवांत बसलेला असतो. वर चकचकीत मुखपृष्ठ आणि शेवटी शिफारशी: कर्मचाऱ्यांमध्ये जागृती करा, नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी) बसवा, पावसाचं पाणी साठवा. शिफारशी चुकीच्या नाहीत. पण ज्या पाण्याचा पत्ताच लागलेला नाही, त्याच्यासाठी जागृती कुणाची करणार?

हा रकाना फुगतो कसा ते आधी सांगते. बऱ्याच जागी आकडे मोजलेले नसतात, मांडलेले असतात. पंपावरच्या पट्टीवर ताशी जो प्रवाह कोरलेला असतो त्याला पंप चालल्याच्या तासांनी गुणायचं, झाला वापर. पण इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, झिजलेला असतो, पुढचा व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवलेला असतो, आणि दोन पंप एकाच लाइनवर चालत असले तर दोघांची बेरीज पट्टीवरच्या बेरजेइतकी कधीच भरत नाही. माणशी इतके लिटर गुणिले माणसं, हे दुसरं सूत्र. त्यात कंत्राटी माणसं धरलेली नसतात, किंवा तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच पाळीत मोजलेली असतात. असे पाच-सहा अंदाज एकावर एक रचले की उरलेला फरक खरा आहे की अंदाजांचीच चूक आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

मीटर आहेत तिथेही गाफील राहून चालत नाही. मुख्य लाइनवर पुढच्या विस्ताराचा विचार करून मोठ्या मापाचा मेकॅनिकल मीटर बसवलेला असतो. त्याला ठरावीक किमान प्रवाह मिळाला तरच तो बरोबर मोजतो. त्याखाली तो कमी दाखवतो, आणि फारच बारीक धार असेल तर काटा हलतही नाही. म्हणजे दिवसा सगळं चालू असताना मीटर खरा, आणि रात्री नुसती गळती वाहत असताना तोच आंधळा. मीटरला बायपास लाइन असते, दुरुस्तीच्या वेळी ती उघडतात आणि तिचा व्हॉल्व्ह नंतर पूर्ण बसत नाही. पाइपला बाहेरून चिकटवायचे अल्ट्रासोनिक मीटर ऑडिटवाले आणतात, ती सोय उत्तम. पण पाइप भरून वाहत असावा लागतो, आणि मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या साधारण दहापट नि नंतर पाचपट सरळ लांबी लागते. पंपरूममधल्या वळणांच्या जंगलात ती जागा मिळत नाही. मग जिथे हात पोहोचतो तिथे मीटर लावला जातो आणि दोन दशांशांपर्यंत अचूक वाटणारा चुकीचा आकडा अहवालात येतो.

(मोजणं सोपं नाही, हे थोरामोठ्यांनाही कळलेलं आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्सच्या पाण्यात इलेक्ट्रोड सोडून, वाहत्या पाण्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वीज निर्माण होते का ते तपासलं होतं. हाती काही लागलं नाही. आज कारखान्यांत दिसणारे इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर त्याच तत्त्वावर चालतात, फक्त चुंबक आपला स्वतःचा असतो.)

आता माझा मुख्य मुद्दा. ज्या वेळी काम चालू नसतं त्या वेळचं पाणी मोजल्याशिवाय कुठल्याही ऑडिटला ऑडिट म्हणू नये.

हे कागदावरही करता येतं, त्याला खर्च शून्य. दर महिन्याचं उत्पादन आडव्या अक्षावर, पाणी उभ्या अक्षावर, वर्षभराचे बारा ठिपके मांडा. उदाहरणासाठी सोपे आकडे घेते. एका महिन्यात १००० टन माल निघाला आणि ६००० घनमीटर पाणी लागलं. मंदीच्या महिन्यात ५०० टन निघाला आणि ४५०० घनमीटर लागलं. व्यवस्थापक सांगतो, बाई, काम कमी असलं की कार्यक्षमता घसरतेच, टनामागे ६चे ९ झाले. पण दोन ठिपक्यांमधली रेघ नीट पाहा. ५०० टन कमी झाले तेव्हा पाणी १५०० घनमीटरनं उतरलं, म्हणजे मालाला खरोखर लागणारं पाणी टनामागे ३ घनमीटर. उरलेलं ३००० घनमीटर उत्पादन असो वा नसो, दर महिन्याला जातंच आहे. भरात असलेल्या महिन्यातही निम्मं पाणी हेच. टनामागचा एकच आकडा छापला की हे पाणी त्याच्या पोटात लपतं, आणि धंदा तेजीत आला की आकडा आपोआप सुधारतो. तेवढ्यावर बक्षीस घेणारेही पाहिलेत.

ते ३००० घनमीटर सगळंच वाया जातं असं मी म्हणत नाही. त्यात फरशी धुणं असेल, स्वच्छतागृहं असतील, चालू ठेवावीच लागणारी थंडाव्याची यंत्रणा असेल. पण त्यातलं किती आवश्यक आणि किती सवयीचं, हे सांगायची जबाबदारी अहवालाची आहे.

दुसरी पद्धत सुट्टीच्या रात्रीची. पाणी भरणं बंद करायचं आणि टाकीची पातळी मोजत बसायचं. टाकीचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर असेल आणि तासाला पातळी २ सेंटिमीटर उतरत असेल, तर तासाला १ घनमीटर पाणी कुठेतरी जातंय. दिवसाला २४, वर्षाला ८७६०. मग एकेका विभागाचा व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि कुठला बंद केल्यावर पातळी थांबते ते पाहायचं. याला पट्टी, घड्याळ आणि व्हॉल्व्ह कुठे आहेत ते माहीत असलेला एक फिटर लागतो. यातला फिटर मिळवणं सर्वांत कठीण, कारण नकाशात दाखवलेले व्हॉल्व्ह प्रत्यक्षात असतीलच असं नाही आणि जे आहेत ते त्याच्याच डोक्यात असतात. ही चाचणी रात्री करण्याचं आणखी एक कारण आहे. मागणी नसल्यानं लाइनमधला दाब तेव्हा जास्त असतो. भोकातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, प्लॅस्टिकच्या पाइपातली चीर तर दाबानं आणखी फाकते. उलट दाब निम्म्यावर आणला तर साध्या भोकातली गळती साधारण ७१ टक्क्यांवर येते, एकही भोक न शोधता. दाब कमी करणं ही शिफारस अहवालांत क्वचित दिसते. बहुधा त्यात विकण्यासारखं यंत्र फारसं नसल्यामुळे असेल.

सुट्टीच्या रात्री काय काय सापडतं? टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात उतरवलेला असतो, त्यामुळे फरशीवर थेंब दिसत नाही आणि सगळ्यांना वाटतं टाकी भरलेली आहे, छान आहे. पंपांच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, वाहणाऱ्या धारा. मूत्रालयांचे टायमरवर चालणारे फ्लश, जे रिकाम्या इमारतीतही रात्रभर इमानेइतबारे चालतात. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर दर रात्री ठरलेल्या वेळी रिजनरेशन घेतो, म्हणजे मिठाच्या पाण्यानं स्वतःला पुन्हा ताजा करतो, त्या दिवशी त्यातून किती पाणी गेलं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणंही तसंच, दाबातला फरक न पाहता घड्याळाच्या हुकमानं. पाण्यावर चालणारे व्हॅक्यूम पंप, ज्यांचं पाणी एकदा फिरून सरळ नालीत जातं आणि ज्यांचा पाण्याचा व्हॉल्व्ह पंप बंद केल्यावरही उघडा राहतो.

आणि अग्निशमनाची लाइन. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तिच्यात वापर नसतोच अशी समजूत. पण त्या लाइनला दाब टिकवून ठेवणारा एक छोटा जॉकी पंप असतो. लाइन घट्ट असेल तर तो क्वचितच सुरू व्हायला हवा. तो सारखा चालू-बंद होत असेल तर जमिनीखाली पाइप फुटलाय, नाहीतर कुणीतरी हायड्रंटला होजपाइप लावून गाड्या धूतंय. मी कुठेही गेले की आधी त्या पंपाचा तास मोजणारा काटा बघते. त्या काट्याशी खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही, म्हणून तो मला आवडतो.

एकमेकांची खबर नसलेल्या दोन वह्या शेजारी ठेवणं, हे आमच्या धंद्याचं मूळ कसब. पाण्यात ते कूलिंग टॉवरवर फार छान चालतं. टॉवरमध्ये पाणी थंड होतं ते मुख्यतः त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन गेल्यानं. ताशी १००० घनमीटर पाणी फिरत असेल आणि ते ६ अंश सेल्सिअसनं थंड होत असेल तर साधारण १ टक्का, म्हणजे ताशी १० घनमीटर वाफ होते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागे साठतात. म्हणून काही पाणी मुद्दाम बाहेर सोडावं लागतं, ते ब्लोडाउन. टॉवरमधल्या पाण्यातले क्षार भरण्याच्या पाण्यातल्या क्षारांच्या किती पट होऊ द्यायचे, त्याला सायकल्स म्हणतात. ३ सायकल्सवर टॉवर चालवला तर वरच्या उदाहरणात ताशी १५ घनमीटर भरावं लागतं आणि ५ सोडावं लागतं. ६ सायकल्सवर नेलं तर १२ भरायचं, २ सोडायचं. ताशी ३ घनमीटर वाचले, वर्षभर अखंड चालणाऱ्या टॉवरमध्ये २६ हजार घनमीटरहून जास्त.

अहवालवाले इथे जोरात येतात आणि १२ सायकल्सपर्यंत जा म्हणतात. तिथे जरा थांबावं. १२वर नेलं तरी भरण्याचं पाणी ताशी १०.९ च्या खाली येत नाही, कारण ते १० तर वाफ होऊन जाणारच. ६ वरून १२ वर जाताना मिळतं ताशी १.१ घनमीटर, आणि बदल्यात क्षारांचे थर, सिलिका, गंज यांची डोकेदुखी दुप्पट. टॉवरच्या पाण्याची निगा ढिली पडली तर लीजिओनेला जिवाणूचा धोका असतो, तो वेगळाच. बचतीचा आलेख सुरुवातीला भरभर उतरतो आणि मग सपाट होतो, हे न सांगता शेवटच्या टप्प्याचं यंत्र गळ्यात मारणं मला पटत नाही.

तर दोन वह्या. एका वहीत ऑपरेटर लिहितो: ब्लोडाउन व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्या वहीत प्रयोगशाळा लिहिते: भरण्याच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता, क्षार जास्त तितकी ती जास्त) इतकी, टॉवरच्या पाण्याची इतकी. भागाकार केला तर येतात जेमतेम अडीच सायकल्स. व्हॉल्व्ह बंद असेल तर क्षार चढतच जायला हवेत. ते चढत नाहीत याचा अर्थ पाणी दुसरीकडून निघून जातंय: कुंडाची पातळी वर ठेवल्यामुळे ओव्हरफ्लोमधून, वाऱ्याबरोबर तुषारांतून, नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे यंत्रातली उष्णता या पाण्याला देणाऱ्या उपकरणाच्या, फुटलेल्या नळीतून. दोन्ही वह्या खऱ्या, दोन्ही माणसं प्रामाणिक, आणि दोघांनी एकमेकांची वही कधी पाहिलेली नाही. असे भागाकार करायला इंजिनिअर लागत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळायला पाढे पुरतात.

ज्या आकड्याची मला मनापासून चीड येते तो म्हणजे ‘पुनर्वापर ९८ टक्के’. कूलिंग टॉवरमध्ये ताशी १००० घनमीटर फिरतं आणि १५ नवं लागतं, म्हणून ९८.५ टक्के पाणी पुन्हा वापरलं, असा दावा छापलेला असतो. पाणी फिरवणं हेच त्या यंत्राचं काम आहे. पंप मोठा बसवला आणि फिरवण्याचा वेग दुप्पट केला तर एक थेंबही न वाचवता टक्का आणखी चढेल. पुनर्वापर मोजायचा तर बाहेर टाकलं गेलं असतं असं किती पाणी परत आत घेतलं, ते घनमीटरमध्ये सांगा. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या रिजेक्ट, म्हणजे बाहेर टाकलेल्या, पाण्याचीही अशीच गंमत. ७५ टक्के रिकव्हरीच्या आरओमध्ये ४ घनमीटर घातलं की ३ मिळतं आणि १ रिजेक्ट निघतं. ते १ घनमीटर फरशी धुवायला वापरलं तर उत्तम. पण मग तेच पाणी आरओच्या खात्यात ‘वाचवलं’ आणि धुलाईच्या खात्यातही ‘वाचवलं’ असं दोनदा जमा करू नये. आणि मुळात एवढ्या शुद्ध पाण्याची गरज आहे का, आरओ दिवसाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ चालतो का, हे आधी विचारावं. रिजेक्ट वापरता येतं म्हणून आरओ जास्त चालवणारी माणसं असतात.

काही बचती इतक्या मोठ्या असतात की त्या कागदावर आधी खोट्याच वाटतात. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) किंवा रंगाच्या कामात वस्तू रसायनातून काढून पाण्यात धुतात. वस्तूला चिकटून तासाला १ लिटर द्रावण येत असेल आणि ते हजारपट पातळ व्हायला हवं असेल, तर एका टाकीत तासाला साधारण १००० लिटर पाणी वाहतं ठेवावं लागतं. दोन टाक्या ठेवल्या, आणि स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत सोडून तेच उलट दिशेनं पहिल्या टाकीत आणलं, तर साधारण ३२ लिटरांत तेवढंच काम होतं. तीन टाक्यांत १०. पाणी नीट ढवळलं जातंय असं धरून हे गणित आहे, प्रत्यक्षात थोडं जास्त लागेल. तरीही १००० कुठे आणि ३२ कुठे! आणि वस्तू रसायनातून वर काढल्यावर काही क्षण निथळू दिली तर मुळातलं १ लिटरच कमी होतं. त्याला टाकीही लागत नाही, फक्त पाळीचं टार्गेट लावणाऱ्यानं ते क्षण मंजूर करायला हवेत.

आता माझ्या मूळच्या विषयाकडे, खर्चाकडे. पाणी स्वस्त आहे, म्हणून ऑडिटचा खर्च निघत नाही, हे वाक्य मी फार ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात पाण्याच्या बिलाचा आकडा असतो. पण पाणी उचलायला वीज लागली, मऊ करायला मीठ लागलं, शुद्ध करायला मेंब्रेन (आरओतला गाळणारा पडदा) लागला, आणि शेवटी सांडपाणी प्रकल्पात त्यावर पुन्हा वीज आणि रसायनं लागली. हे सगळे खर्च वेगवेगळ्या शीर्षांखाली बसलेले असतात, एकत्र कुणी मांडत नाही. तापवलेलं पाणी तर वेगळीच चीज आहे. १ घनमीटर पाणी ४० अंशांनी तापवायला विजेच्या हिशेबात साधारण ४६ युनिट उष्णता लागते, आणि ती तापवण्याच्या यंत्रातली घट सोडून. बॉयलरची वाफ काम करून पुन्हा पाणी होते, ते कंडेन्सेट. ते ९० अंशांवर परत आणता येत असताना गटारात सोडलं आणि त्याऐवजी ३० अंशांचं नवं पाणी घेतलं, तर घनमीटरमागे जवळजवळ ७० युनिट उष्णता फेकली. शिवाय ते पाणी जवळपास ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार नसलेलं, त्यामुळे ते परत आलं असतं तर बॉयलरचं ब्लोडाउनही कमी झालं असतं. ज्या नालीतून वाफा निघतात त्या नालीवर माझ्या मते ऑडिटरनं खुर्ची टाकून बसावं.

आणि वाटप. बहुतेक ठिकाणी पाण्याचा खर्च ‘युटिलिटीज’मध्ये जातो आणि विभागांवर माणसांच्या संख्येनं किंवा जागेच्या क्षेत्रफळानं वाटला जातो. धुलाई विभागानं निम्मं पाणी वाचवलं तरी त्याच्या खात्यातून कमी होतं अगदी चिमूटभर, बाकीचा फायदा शेजाऱ्यांना. मग कोण कशाला वाचवेल? विभागवार मीटर बसवून ज्याचं त्याच्या खात्यात टाकलं, की महिनाअखेरीच्या बैठकीत पाण्याबद्दल पहिल्यांदा भांडण होतं. ते भांडण होणं हे ऑडिट लागू पडल्याचं मला दिसलेलं सर्वांत खात्रीचं लक्षण.

हे फक्त कारखान्यांचं नाही. रुग्णालयं, हॉटेलं, लाँड्री, मोठी कार्यालयं, सगळीकडे सस्पेन्स खातं आहे. कार्यालयात ते बहुधा फ्लशच्या टाकीत असतं: टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता थोड्या वेळानं भांड्यात रंग दिसला तर झडप गळतेय. मिनिटाला १ लिटर गळती म्हणजे दिवसाला १४४० लिटर आणि वर्षाला ५२५ घनमीटर, तेही आवाज न करता. लाँड्रीत शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला चालतं. स्वयंपाकघरांबद्दल मला फारसा अनुभव नाही, तिथल्या जाणकारांनी लिहावं.

मानकं आहेत. पाण्याच्या कार्यक्षम वापराच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ ४६००१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१९ साली आलं. पाण्याचा वापर तपासा, तुलनेसाठी आधाररेषा ठरवा, निर्देशक ठरवा, त्यांवर लक्ष ठेवा, सुधारत राहा, असा त्याचा साचा आहे. ऊर्जेसाठीच्या आयएसओ ५०००१ शी परिचय असलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. चांगली शिस्त आहे. पण असं मानक किती लिटर वापरायचं ते सांगत नाही, पद्धत आहे की नाही तेवढं पाहतं. त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहून नळ बंद आहे असं समजू नये. ‘मागच्या वर्षीपेक्षा अमुक टक्के कपात’ या लक्ष्यालाही माझा आक्षेप आहे. ज्यानं आधीच सगळं घट्ट केलंय त्याला तेवढे टक्के काढता येत नाहीत, आणि ज्याच्याकडे ओव्हरफ्लो वाहत होता तो एक फ्लोट व्हॉल्व्ह बदलून बक्षीस नेतो.

एक गोष्ट अहवालांत जवळपास नसतेच: रात्रपाळीच्या माणसांशी बोलणं. कुठली नाली सुट्टीच्या दिवशीही ओली असते, कुठला व्हॉल्व्ह बंद केला की पुन्हा नीट उघडत नाही म्हणून उघडाच ठेवतात, कुठला मीटर धक्का दिल्यावर चालतो, हे सगळं त्यांना माहीत असतं. ते सांगत नाहीत, कारण सांगितलं की पहिला प्रश्न येतो, इतके दिवस का नाही सांगितलं? एका ठिकाणी सफाईचं काम करणाऱ्या बाईंनी मला नुसती एका चेंबरकडे मान हलवून दाखवली. झाकण उघडलं तर आत स्वच्छ, गार पाणी वाहत होतं, सांडपाण्याचा वासही नाही. पिण्याच्या लाइनचं पाणी होतं ते. अहवालात आम्ही ‘तपासणीदरम्यान आढळलं’ असं लिहिलं, बाईंच्याच सांगण्यावरून. त्यांना नाव नको होतं.

म्हणून, संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे कुणी पाणी वाचवल्याची बातमी घेऊन आलं तर टक्का लिहून घेण्याआधी तीन आकडे मागावेत: मुख्य मीटरच्या तुलनेत किती पाण्याचा हिशेब लागलेला नाही, काम बंद असताना तासाला किती पाणी जातं, आणि टाक्या-टॉवरमधलं फिरतं पाणी वगळून एकूण किती घनमीटर कमी घेतलं. तिन्ही मिळाले तर बातमी पहिल्या पानावर छापा. मिळाले नाहीत तर तेही छापा.

आणि जे वाचक अशा ठिकाणी नोकरी करतात त्यांनी पुढच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, सगळं बंद झाल्यावर, मुख्य मीटरचा आकडा आणि टाक्यांची पातळी लिहून ठेवावी. सकाळी कुणी काही सुरू करायच्या आत दोन्ही पुन्हा लिहावीत. मीटरचा आकडा अगदी तोच निघाला, तर साहेबांना कळवण्याआधी एखादा नळ किंचित सोडून मीटर फिरतो का ते पाहावं.

आपली,
एक निवृत्त अंतर्गत लेखापरीक्षक